घरचा स्वयंपाक, घरची माणसं आणि हौशी फोटोग्राफी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोजचा स्वयंपाक करणारी, घरात चार माणसं असणारी आणि वर फोटो काढायची हौस असणारी मंडळी मला सारखं काही ना काही विचारत असतात. प्रश्न बरेचदा तेच असतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढलीयेत. एक आधीच सांगते, माझ्या मते आधी जेवण, आणि जेवणाबरोबर माणसं, फोटो या दोघांच्या मध्ये जेवढी जागा मिळेल तेवढ्यात बसवायचा. जागा कमी असते पण तयारी केली असेल तर पुरते. खालची सगळी उत्तरं त्याच हिशोबाने दिलीत.

फोटो काढेपर्यंत जेवण गार होतं आणि घरचे वैतागतात. काय करू?

सगळी तयारी रिकाम्या ताटावर करा. खरंच, यातच अर्धं काम होतं. गॅस बंद करायच्या पाच-सात मिनिटं आधी खिडकीजवळ जागा ठरवा, ज्या ताटात वाढणार तेच किंवा तशाच रंगाचं ताट तिथे ठेवा, कोन बघा, मागे काय दिसतंय ते बघा, नको असलेली पिशवी किंवा बाटली उचला, आणि एक-दोन टेस्ट फोटो काढून उजेड ठरवून टाका. मग गरम जेवण वाढलं की फक्त ताट बदलायचं आणि तीन-चार फोटो काढायचे, मिनिटाच्या आत ताट परत टेबलावर.

दुसरं म्हणजे फोटो स्वतःच्या ताटाचा काढायचा. आधी सगळ्यांना वाढा, त्यांना जेवायला सुरुवात करू द्या, आणि मग आपलं ताट घेऊन खिडकीशी जा. लहान मुलांचं ताट, आजारी माणसाचं ताट, औषधाची वेळ असलेल्या आजी-आजोबांचं ताट फोटोसाठी कधीच थांबवायचं नाही, कितीही सुंदर उजेड पडलेला असू दे.

आणि ज्यांना निवांत तासभर फोटो काढायचेत त्यांनी एक लक्षात ठेवा, शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानाला पडून राहिलं की जंतू भराभर वाढतात, म्हणून ते दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये असं सांगतात आणि कडक उन्हाळ्यात, म्हणजे ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फोटोसाठी मांडून ठेवलेली वाटी नंतर कोणीतरी खाणारच असते ना.

फोन पुरतो का, की कॅमेरा घ्यावाच लागेल?

फोन पुरतो. फक्त आधी लेन्स पुसा! स्वयंपाक करताना फोन हातात असतो, बोटांना तेल असतं, लेन्सवर तेलकट ठसा उमटतो आणि मग सगळे फोटो धुरकट येतात, दिव्यांच्या भोवती रेघा दिसतात. मऊ स्वच्छ सुती कापडाने पुसलं की फरक लगेच कळतो.

मग एवढं करा: अगदी जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे या आणि २एक्स (दुप्पट झूम) लावा. जवळून वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सने काढलं की पुढची वाटी अवाढव्य दिसते आणि कडेचा ग्लास वाकडा. बऱ्याच नव्या फोनमध्ये फार जवळ गेलं की फोन आपणहून दुसऱ्या, अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतो, स्क्रीनवरचं चित्र एकदम हलल्यासारखं होतं ना, तेच ते. तसं झालं की मागे सरका. जेवणातल्या ज्या भागावर नजर जायला हवी तिथे स्क्रीनवर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, आणि तिथेच बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो.

पोर्ट्रेट मोड मी जेवणाला वापरत नाही. काट्याचे दात, कपाचा कान, कोथिंबिरीची पानं, असल्या बारीक कडा त्याला नीट ओळखता येत नाहीत आणि अर्धं पान धूसर होऊन जातं.

कॅमेरा घ्यायचाच ठरवलाय, लेन्स कुठली घेऊ?

पैसे कॅमेऱ्यात कमी आणि लेन्समध्ये जास्त घाला. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मोठा म्हणजे फुलफ्रेम असेल तर ५० मिमी, त्याहून लहान एपीएस-सी असेल तर ३५ मिमी, साधारण तेवढंच दृश्य मिळतं. या लेन्सने ताटही निघतं, ताटासमोर बसलेलं माणूसही निघतं, आणि छोट्या स्वयंपाकघरात मागे सरकायला जागा नसली तरी चालतं. ५० मिमीच्या साध्या लेन्स बहुतेक ३५ ते ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाहीत, त्यामुळे डाळिंबाचा एक दाणा फ्रेमभर हवा असेल तर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स लागेल. पण ती नंतरची हौस आहे, पहिली लेन्स ती नको.

एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं त्याचं माप, आकडा लहान तेवढं भोक मोठं. लेन्स एफ १.८ ची आहे म्हणून सगळंच एफ १.८ वर काढू नका. अर्धा मीटर अंतरावरून फुलफ्रेमवर ५० मिमीने एफ १.८ ला काढलं तर फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो, म्हणजे केकची पुढची कड स्पष्ट आणि वरचं फळ धूसर. एफ ५.६ ला हाच पट्टा तीन-साडेतीन सेंटिमीटरचा होतो. जेवणाला एफ ४ ते एफ ५.६ हे चांगलं सुरुवातीचं माप आहे, मग गरजेप्रमाणे बदला.

उजेड कुठून यावा?

बाजूने किंवा मागून. समोरून नको आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर नकोच. समोरून उजेड आला की सावल्या मरतात, आणि सावल्या गेल्या की भाताची शितं, पावाचा खरबरीतपणा, सॅलडच्या पानाच्या शिरा, सगळं सपाट होतं. बाजूच्या खिडकीतून आलेला उजेड प्रत्येक दाण्याच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला बारीकशी सावली टाकतो, त्यानेच तो दाणा दाण्यासारखा दिसतो.

ऊन थेट येत असेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा जुनी पांढरी चादर लावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली हलकी होते, तिथेच काळा पुठ्ठा ठेवला की सावली गडद होते. बस, एवढं सामान. खिडकीपासून लांब जाल तसा उजेड भराभर कमी होतो, आणि छोट्या दिव्याचं तर गणितच आहे, अंतर दुप्पट केलं की उजेड पाव हिश्श्यावर येतो. म्हणून टेबल खोलीच्या मधून उचलून खिडकीला लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरचं १९३० सालचं ढोबळ्या मिरचीचं एक छायाचित्र आहे, जगभर गाजलेलं. त्याने ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, आणि नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून परतणारा उजेड मिरचीच्या प्रत्येक वळणावर पडला. एक मिरची, एक नरसाळं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण या दोन्ही वस्तू घरात कोणाकडेही सापडतात.

रात्रीचे फोटो पिवळे येतात, काय करू?

प्रत्येक दिव्याला त्याचा रंग असतो. तो केल्विनमध्ये मोजतात, घरातले पिवळसर बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचे असतात, दुपारचा उजेड ५५०० च्या आसपास. आपले डोळे हे आपोआप जुळवून घेतात, कॅमेऱ्याला सांगावं लागतं. ताटाच्या शेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा आणि तो कागद पांढरा दिसेल असा व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायचं सेटिंग) लावा, पुढचे सगळे फोटो त्यावरच.

खरी पंचाईत दोन रंगांचे दिवे एकत्र आले की होते, खिडकीतून निळसर आणि छतातून पिवळा, मग ताटाची एक बाजू निळी पडते आणि दुसरी नारिंगी आणि कुठलंही सेटिंग दोन्ही बाजू सुधारू शकत नाही. दिवसा खिडकीजवळ काढताना स्वयंपाकघराचा दिवा बंद करा. रात्री एकच दिवा ठेवा, तो पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि भिंतीवरून आलेल्या उजेडात फोटो काढा. गरम होणाऱ्या बल्बवर कापड टाकायचं नाही, आग लागू शकते.

फोटोत काळे आडवे पट्टे दिसतात, कॅमेरा बिघडलाय का?

नाही. वीज ५० हर्ट्झची असेल तर काही एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही, वेगवान शटरला, म्हणजे उजेड आत घ्यायला क्षणभरच उघडणाऱ्या पडद्याला, कळतं. शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवा, आणि वीज ६० हर्ट्झची असलेल्या देशात असाल तर १/६० किंवा १/१२०.

वाफ दिसतच नाही फोटोत!

वाफ मागून उजेड आला तरच दिसते आणि तीही मागे काहीतरी गडद असेल तर. आपण जिला वाफ म्हणतो ते खरं तर हवेत थिजलेले पाण्याचे अतिबारीक थेंब असतात, त्यांच्यावर मागून उजेड पडला की ते चमकतात. पांढऱ्या भिंतीसमोर वाफेचा फोटो काढायला गेलात तर काहीच दिसणार नाही. खिडकी मागे किंवा मागच्या कोपऱ्यात, तिच्या आणि वाटीच्या मध्ये गडद कापड किंवा लाकडी फळी, पंखा बंद, चिमणी बंद. झाकण काढल्यावर पहिली काही सेकंदं वाफ दाट असते म्हणून कॅमेरा आधी तयार हवा आणि झाकण दुसऱ्या कोणी काढलं तर उत्तम. शटर १/६० ते १/१२५ ठेवलं की वाफेचे धागे दिसतात.

लेन्स पातेल्याच्या वर धरू नका, धुकं धरतं.

पांढरा भात करडा का येतो?

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळ्या जगाला मध्यम करडं समजतं. फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो कमी करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) अधिक ०.७ किंवा अधिक १ करा. काळ्या तव्यावर काही असेल तर उलट, उणे ०.७. दूध, दही, अंड्याचा पांढरा भाग, पांढरी बशी, सगळ्यांना हेच लागू.

भाजी शिजली की काळपट होते, फोटोत तर अजूनच वाईट दिसते

हा प्रश्न स्वयंपाकाचा आहे आणि मला फार जवळचा आहे, कारण इथे चव आणि फोटो दोन्ही एकदम सुधारतात. हिरव्या रंगाच्या कणात मध्यभागी मॅग्नेशियम असतं. भाजी जास्त वेळ शिजली किंवा आंबट पडली की ते मॅग्नेशियम सुटून जातं आणि रंग शेवाळी होतो. भाजीतून स्वतःची आम्लंही वाफेबरोबर बाहेर पडत असतात, घट्ट झाकण ठेवलं की ती परत भांड्यातच पडतात. म्हणून हिरव्या शेंगा, पालेभाज्या भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, थोडाच वेळ, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर जे काय आंबट घालायचं ते अगदी शेवटी. सोडा घातला तर रंग राहतो हे खरं, पण भाजी गिजगिजीत होते आणि काही जीवनसत्त्वं नष्ट होतात, मी घालत नाही.

आता तपकिरी रंगाचं. भाजलेल्या, परतलेल्या पदार्थाचा खमंग सोनेरी रंग येतो तो मेयार रिॲक्शनमुळे, लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. प्रथिनं आणि साखर उष्णतेत एकत्र येतात आणि नवे रंग, नवे वास तयार होतात. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोरात होते. आणि पाणी तर १०० लाच उकळतं, म्हणजे पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान तिथेच अडकून बसतं आणि पदार्थ भाजायच्या ऐवजी उकडतो. म्हणून बटाट्याचे काप, पनीर, मासा, मशरूम, काहीही असो, आधी पुसून कोरडं करा, कढई नीट तापू द्या, आणि एकदम सगळं ओतू नका, कढईच्या तळाला एका थरात मावेल एवढंच. जवळून बघितलं तर कळतं, आधी कापाच्या कडेला बारीक बुडबुडे येत असतात आणि चर्र आवाज असतो, मग बुडबुडे कमी होतात, आवाज बारीक होतो, आणि कड सोनेरी व्हायला लागते. तो आवाज बदलला की उलथायचं. फोटोही तेव्हाच काढायचा.

कापलेलं सफरचंद, केळं काळं पडतं ते हवा लागल्यावर आतल्या एन्झाइममुळे, लिंबाचा रस चोळला की ते मंदावतं.

जाहिरातींसारखं तेल फासणं, डिंक वापरणं, असल्या युक्त्या कराव्यात का?

नाही. घरचं जेवण आहे, फोटो काढून झाल्यावर ते खायचंय. सॅलडच्या पानांवर पाण्याचा फवारा मारा, वरून ताजी कोथिंबीर घाला, ताटाची कड पुसा, तेवढं भरपूर झालं.

कुठल्या कोनातून काढू?

चपटं असेल तर वरून, उंच असेल तर समोरून, खोलगट वाटी असेल तर साधारण ४५ अंशांतून, म्हणजे आपण खुर्चीवर बसून जसं ताटाकडे बघतो तसं. वरून काढताना फोन टेबलाला समांतर हवा नाहीतर गोल ताट अंड्यासारखं येतं, आणि स्वतःची सावली ताटावर पडत नाहीये ना ते बघा.

ओट्यावर पसारा असतो, सगळा आवरायचा का?

सगळा नाही. हातभर जागा मोकळी करा आणि एक लाकडी पाट किंवा साधं एकरंगी कापड टाका. पण सगळं पुसून चकाचक केलेला ओटा मला फोटोत कोरा वाटतो. कांद्याची सालं, अर्धं कापलेलं लिंबू, ओला चमचा, हे त्या दिवसाच्या स्वयंपाकातलंच आहे ना, त्यातली एखादी गोष्ट फ्रेममध्ये राहू द्या. साबणाची बाटली आणि प्लॅस्टिकची पिशवी मात्र काढा.

स्वयंपाक मीच करते, फोटोही मलाच काढायचेत, हात तर भरलेले. कसं जमवायचं?

स्टँडवर फोन लावा, आवाजाने किंवा टायमरने फोटो निघेल अशी सोय जवळजवळ सगळ्या फोनमध्ये असते. किंवा व्हिडिओ लावून ठेवा आणि त्यातली फ्रेम घ्या, छपाईला तेवढी चांगली नसते पण आठवण म्हणून पुरते. स्टँड जायच्या-यायच्या वाटेत नको, गॅसच्या वरच्या बाजूला झुकलेला नको, आणि मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी वायर लोंबकळायला नको. गरम तेलाच्या वर फोन हातात धरून वाकायचं नाही, ही एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगते. कच्चं मांस, मासा, अंडं हाताळलं की हात साबणाने धुवूनच फोनला हात लावा, नाहीतर ते सगळं फोनवरून पुन्हा तोंडापाशी येतं.

आणि करत असतानाचे फोटो काढाच, नुसतं तयार ताट नको. पीठ मळणारे हात बघा एकदा नीट, सुरुवातीला बोटांच्या मधे चिकट पीठ, मग हळूहळू हात स्वच्छ होत जातात आणि गोळा गुळगुळीत, फक्त पेरांच्या घड्यांमध्ये पांढऱ्या रेघा राहतात. बाजूने उजेड असेल तर त्या रेघा इतक्या सुंदर दिसतात की त्या माणसाचा चेहरा फ्रेममध्ये नसला तरी घरातल्या कोणालाही हात ओळखता येतात. तयार ताटाचे फोटो एकमेकांसारखे दिसतात, हातांचे कधीच दिसत नाहीत.

सुरी चालत असताना हात थांबल्यासारखा हवा असेल तर शटर १/५०० च्या पुढे, थोडा हलता हवा असेल तर १/३० च्या आसपास आणि कॅमेरा स्टँडवर.

आई म्हणते माझा फोटो नको. काय करू?

नको म्हणाली तर नको. काढला असेल आणि ती म्हणाली पुसून टाक, तर तिच्यासमोर लगेच पुसायचा, वाद घालायचा नाही, मग पुढच्या वेळी ती विश्वासाने समोर उभी राहते.

पण बरेचदा ‘नको’चा अर्थ असतो ‘अशा अवतारात नको’ किंवा ‘चेहरा नको’. तेव्हा विचारा, हातांचा चालेल का, पाठमोरा चालेल का. काढलेला फोटो तिला दाखवा, त्यातला तिला आवडलेला ठेवा, बाकीचे जाऊ द्या. काम करत असताना काढा, ‘इकडे बघ’ म्हणू नका, कारण गॅसवर काहीतरी असताना तिने तुमच्याकडे बघायचं हे मुळात चुकीचं आहे. थोडा वेळ नुसती मदत करा, कांदा चिरून द्या, भांडी पुसा, आणि मधेच दोन फोटो काढा, तोवर तिच्या अंगावरचं अवघडलेपण गेलेलं असतं.

अजून एक. प्रत्येक घरात एक माणूस असा असतो की जो रोज सगळ्यांसाठी रांधतो आणि अल्बममध्ये कुठेच सापडत नाही, कारण सगळे टेबलाशी बसलेले असताना तो ओट्यापाशी असतो. आणि दुसरा असा की जो कायम कॅमेऱ्याच्या मागे. हे दोघं एकच असतील तर अजूनच वाईट. महिन्यातून एकदा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः फ्रेममध्ये या, फोटो तिरका आला तरी चालेल. मला या सगळ्या यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मुलं एका जागी थांबत नाहीत, सगळे फोटो हललेले

शटर किमान १/२५०, उड्या मारत असतील तर १/५००. घरात एवढा उजेड नसतो म्हणून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते माप) बिनधास्त वाढवा, १६०० किंवा ३२०० ला जे दाणे दिसतात ते हललेल्या फोटोपेक्षा कितीतरी बरे. खिडकीजवळचं काम मुलांना द्या: मटार सोलणं, पानं निवडणं, अंडी फेटणं. हातात काम असलं की मूल तिथे थांबतं आणि त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे नसतं. तुम्ही खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत सगळ्या मुलांची फक्त डोकी दिसतात.

मुलांच्या हातात कॅमेरा द्यावा का?

द्यावा, पट्टा गळ्यात घालून. त्यांच्या उंचीवरून टेबलाची खालची बाजू, आजोबांचे गुडघे, ओट्याची कड, असलं काय काय दिसतं जे आपल्याला कधीच दिसत नाही.

रॉ की जेपेग?

रोजच्या ताटांना जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेली लहान फाइल. उजेडाचे रंग मिसळलेले असतील किंवा फोटो मोठा छापायचा असेल तर रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, कारण त्यात व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो आणि फोटोचं नुकसान होत नाही.

एडिटिंग किती करायचं?

आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड, मग थोडं क्रॉप. सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) शक्यतो हात लावू नका. लाल आणि नारिंगी रंग सगळ्यात आधी फाटतात, टोमॅटोच्या रश्श्यातले बारकावे जाऊन नुसता लाल डाग उरतो. रंग बरोबर आहे का हे बघायला स्टीलच्या चमच्याकडे किंवा पांढऱ्या बशीच्या कडेकडे बघा, तिथे निळी-पिवळी झाक नसेल तर बाकीचं ठीक आहे.

फोटो ऑनलाइन टाकताना काय बघायचं?

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर घराचा पत्ता कळेल इतकी अचूक जागा नोंदलेली असते, ती शेअर करताना काढून टाका, फोनमध्ये तशी सोय असते. मागे फ्रिजवर लावलेलं मुलांचं वेळापत्रक, औषधाची पाकिटं, बिलं, कुरियरचा खोका, हे झूम करून वाचता येतं. मुलांचे फोटो टाकायच्या आधी त्यांना विचारा, पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हो-नाही सांगता येतं, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे तर त्यांच्या आईबाबांना विचारल्याशिवाय नाहीच.

आजीच्या पाककृती फोटोत जपायच्यात, ती तर सगळं अंदाजाने घालते

फार चांगलं काम आहे हे, आणि लवकर सुरू करा. ती मूठभर म्हणाली की ती मूठ वजनकाट्यावरच्या वाटीत रिकामी करायला सांगा आणि काट्याचा आकडा दिसेल असा फोटो घ्या, मगच ते पातेल्यात. तिचा नेहमीचा चमचा, तिची वाटी, यांचेही फोटो काढा आणि त्यात किती पाणी मावतं ते मोजून लिहा, कारण तिची एक वाटी म्हणजे बाजारातला कप नव्हे.

मग पायऱ्या. ‘कांदा लाल होईपर्यंत’ म्हणजे नक्की किती लाल हे शब्दांत कोणालाच सांगता येत नाही. कांदा परतत असताना त्याच जागेवरून, त्याच उजेडात, फोन स्टँडवर ठेवून दर मिनिटाला एक फोटो काढा: कच्चा, पारदर्शक, कडा पिवळ्या, सोनेरी, तपकिरी. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक हवं नाहीतर कॅमेरा प्रत्येक वेळी रंग बदलेल आणि सगळ्या पट्टीचा काही उपयोग राहणार नाही. आजीने ‘आता बास’ म्हटलं तो फोटो निराळा खुणेने ठेवा. पाक, खीर, रस्सा यांचा दाटपणा दाखवायचा असेल तर चमच्यावरून पडताना दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, फोटोत तो कळत नाही. तिच्या हातची जुनी वही असेल तर प्रत्येक पान वरून, सपाट, खिडकीच्या उजेडात, तेलाच्या डागांसकट. आणि बोलू द्या तिला, आवाज रेकॉर्ड करा, ती कृती सांगता सांगता अजून दहा गोष्टी सांगेल.

हजारो फोटो साठलेत, कुठे आणि कसे ठेवू?

महिन्याला एकदा बसा आणि एकसारख्या फोटोंतला एक ठेवून बाकीचे पुसा. फोल्डरचं नाव वर्ष आणि महिना, आणि नंतर पदार्थाचं किंवा माणसाचं नाव, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. राखायचे ते ३-२-१ पद्धतीने: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन, घरातली हार्ड डिस्क आणि क्लाउड, झालं. क्लाउडला सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, कारण फोनमधून पुसलं की बरेचदा तिथूनही जातं.

आणि थोडे छापून घ्या. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, कुठल्याही फोनच्या फोटोत त्याहून जास्त असतात, मोठ्या प्रिंटलाही पुरतात. फक्त छापायला देताना मेसेजमधून आलेला फोटो देऊ नका, तो दाबून लहान केलेला असतो. ज्याने काढलाय त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या, मेसेजमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं तरी मूळ आकारातच येते.